कृष्णेचा मासा, कावेरीचा मासा

पावसाळ्यात धरणांवर एक कार्यक्रम ठरलेला असतो. मांडव, बॅनर, पाहुण्यांच्या हातात ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि त्यांत वळवळणारी बोटाएवढी पिल्लं. मत्स्य खात्याच्या भाषेत ही बोटुकली. पिशवी पाण्यावर उलटी होते, फोटो निघतो, नारळ फुटतो. यंदा आमच्या ओळखीच्या मंडळींत अशाच एका फोटोवरून जुंपली. एक गट म्हणाला, नदीत जीव सोडणं हे पुण्याचं काम, त्यातही या शास्त्रज्ञांना खुसपट काढायचंच असतं. मासा तो मासा. दुसऱ्या गटाने थेट ‘परप्रांतीय मासे’ असा शब्द काढला आणि आमच्या नद्या बाटल्या म्हणून गळा काढला. मग पहिला गट म्हणाला, आता माशांतही भूमिपुत्र शोधणार का? तिथून पुढे चर्चेत मासे उरलेच नाहीत.

मला हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीचा चाललेला दिसतो. नदीत बाहेरून मासा सोडण्याआधी त्या नदीतल्या माशांची जनुकं वाचलीच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. पण ती वाचायची कुणाचं रक्त किती शुद्ध हे ठरवण्यासाठी, असं म्हणणाऱ्यांनी माझ्या बाजूला उभं राहू नये. गोड्या पाण्यातल्या माशाच्या पेशीत त्या नदीचा लक्षावधी वर्षांचा फेरफार नोंदलेला असतो. डोंगर कधी उचलला, प्रवाह कुठे तुटला, कुठली उपनदी कुठल्या शेजारच्या नदीने ओढून घेतली, हे सगळं त्यात उतरतं. न वाचलेल्या वहीवर दुसरं काही गिरवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात गायमुखातून पाणी पडतं, तिथे आपण हात जोडतो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच बहिणी तिथे एकत्र असल्याची श्रद्धा आहे. पण देवळाबाहेर काय होतं? कृष्णा पूर्वेकडे वळून सगळं दख्खन ओलांडत बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेचा कडा उतरून बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. उगम हाकेच्या अंतरावर, पण कृष्णेतल्या माशाला सावित्रीत जायचं तर कडा उतरता येत नाही आणि समुद्राला वळसा घालावा तर खारं पाणी सोसत नाही. पक्षी उडून जातो, बीज वाऱ्यावर जातं. मासा आपल्या खोऱ्यात कोंडलेला असतो. म्हणून नद्यांची खोरी म्हणजे जमिनीवरची बेटंच, आणि बेटांवर उत्क्रांती कशी स्वतंत्र वाटा धरते हे दीडशे वर्षांपूर्वीच कळलेलं आहे. फरक एवढाच की बेटावरच्या पक्ष्याची चोच डोळ्यांना दिसते. दोन खोऱ्यांतले मासे मात्र दिसायला जुळे आणि आतून कधीचे विभक्त असू शकतात.

यावर ‘हे सगळं पुस्तकी’ असं म्हणणाऱ्यांसाठी महाशीर या नदीतल्या मोठ्या माशाची गोष्ट सांगतो. ती पुण्यातच सुरू होते. कर्नल विल्यम हेन्री सायक्स हा मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करणारा अधिकारी. लोकसंख्या, पिकं, बाजारभाव गोळा करता करता त्याने इथले मासेही गोळा केले आणि १८३९मध्ये त्यांची वर्णनं प्रसिद्ध केली. गड्याने एक चांगलं केलं: लॅटिन नावं देताना स्थानिक लोकांच्या तोंडची नावं उचलली. म्हणून आजही जगभरच्या प्रयोगशाळांत ‘शिंगटी’, ‘कोळस’, ‘फुलुंगी’ हे शब्द थोड्या इंग्रजी वळणाने उच्चारले जातात. पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर मुळा-मुठेत सापडलेल्या महाशीरला त्याने ‘खुद्री’ नाव दिलं. तोच आजचा ‘टॉर खुद्री’, दख्खनचा निळसर पंखांचा महाशीर. त्या आठव्या मैलावर आज उभं राहून पाहा. जलपर्णी, फेस आणि वास. महाशीरच्या वैज्ञानिक नावाचं जन्मगाव ते हे.

सायक्सने ‘मुसुल्ला’ नावाचा आणखी एक मासा शिरूरच्या घोड नदीतून नोंदवला होता. पुढे हे नाव कुणीतरी कावेरीतल्या पाठीवर कुबड असलेल्या राक्षसी महाशीरला चिकटवलं आणि ते चिकटूनच राहिलं. हा कावेरीचा मासा साधासुधा नव्हे. १९४६मध्ये कबिनी या कावेरीच्या उपनदीत गळाला लागलेला एक १२० पौंडांचा होता. साहेबांपासून संस्थानिकांपर्यंत सगळ्यांनी त्याच्यासोबत फोटो काढले. तरीही त्याचं खरं वैज्ञानिक नाव काय, हे २०१८पर्यंत नक्की नव्हतं! सायक्सचा मुसुल्ला मुळात महाशीर नव्हताच, तो दुसऱ्याच गटातला मासा, हे आधी उलगडलं. मग केरळ, तमिळनाडू, पुणे आणि ब्रिटन इथल्या संशोधकांनी कावेरीच्याच खोऱ्यातल्या मोयार नदीतल्या कुबड्या महाशीरची जनुकं आणि शरीररचना तपासली, तेव्हा तो केरळातल्या पांबर या कावेरीच्या उपनदीतून आधीच वर्णन झालेल्या ‘टॉर रेमादेवी’शी जुळला. ते वर्णन लहान नमुन्यांवरून झालं होतं, त्यामुळे पुढे मोठेपणी येणारं कुबड कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. नाव मिळालं त्याच वर्षी हा मासा अतिसंकटग्रस्त यादीत गेला. बारसं आणि धोक्याची घंटा एकाच वर्षी.

आता यात आपला महाराष्ट्र कुठे येतो? लोणावळ्याजवळ वळवण तलावाकाठी टाटांच्या वीजकंपनीने १९७०च्या दशकापासून महाशीरची पैदास सुरू केली. प्रौढ माद्यांची अंडी पिळून घ्यायची, नराच्या मिल्टने, म्हणजे वीर्याने, फळवायची, पिल्लं वाढवायची. हे काम तेव्हा देशात फारसं कुणाला जमत नव्हतं. इथली बोटुकली निरनिराळ्या राज्यांत गेली आणि कावेरीतही सोडली गेली. म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातला खुद्री कावेरीत पोचला. कावेरीकाठच्या गळ-शिबिरांमध्ये पकडलेला मासा मोजून परत सोडत आणि वहीत लिहून ठेवत. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या वह्यांचा अभ्यास झाला तेव्हा चित्र स्वच्छ होतं: निळ्या पंखांचा महाशीर भराभर वाढला, कुबड्या जवळजवळ नाहीसा झाला. जे थोडे कुबडे मिळत ते मोठमोठे, म्हातारे. घरात नुसते आजोबाच दिसू लागले आणि पाळणा हलेनासा झाला, तर घराण्याचं काय होणार हे सांगायला जनुकशास्त्र लागत नाही.

इथे मी घाईने बोट दाखवणार नाही. कावेरीत धरणं झाली, वाळू उपसली गेली, सुरुंग लावून मासेमारी झाली, हे सगळं खरं आहे. ज्यांनी बोटुकली सोडली त्यांचा हेतूही उमदा होता. त्यांच्या लेखी ते महाशीर वाचवत होते. पण कुठला महाशीर, हा प्रश्नच त्या काळी विचारला गेला नाही, कारण ‘महाशीर तो महाशीर’ हे गृहीत होतं.

आता विरोधी बाजूचे मुद्दे. त्यातले दोन तगडे आहेत आणि ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल.

पहिला पोटाचा. उजनीच्या काठावर जाऊन चिलापीविरुद्ध भाषण करून पाहा. हा आफ्रिकेतला तिलापिया १९५२मध्ये भारतात आला, आणि आज त्याच्यावर कित्येक कुटुंबांची चूल पेटते. कटला, रोहू, मृगळ हेही मूळचे गंगेकडचे, दख्खनच्या तलावांत ते माणसाने आणले. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी पियुषग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प माशांची पैदास करून दाखवली, त्यानंतर नद्यांतून मत्स्यजिरे, म्हणजे नुकतीच जन्मलेली पिल्लं, गाळत बसण्याची गरज संपत गेली आणि देशभर तळी भरली. हे मोठं काम आहे आणि मी रोहू आवडीने खातो. मला कुणी सांगितलं की शुद्ध दख्खनी मासाच खा, तर मी त्याच्या पंगतीला बसणार नाही.

पण या मुद्द्यात तळं आणि नदी यांची गल्लत आहे. माणसाने बांधलेल्या तलावात माणसाने सोडलेला मासा वाढवणं ही शेती आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या ओढ्यात किंवा डोहात तेच करणं म्हणजे देवराईत नीलगिरी लावणं. दोन्हीला झाडंच म्हणतात म्हणून दोन्ही कामं एक होतात का? आणि एखाद्या परक्या माशाने आज पोट भरलं म्हणून तो उद्याही भरेल, असं कुठे आहे? पूर्व आफ्रिकेच्या व्हिक्टोरिया सरोवरात १९५०च्या दशकात नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला गेला. १९८०च्या दशकात त्याचं पीक असं आलं की निर्यातीचा मोठा धंदा उभा राहिला. मात्र तिथल्या सिक्लिड नावाच्या छोट्या माशांच्या शेकडो जाती त्याच्या पोटात गेल्या, आणि ज्यांच्या ताटात ते छोटे मासे असत त्यांच्या दारावरून पर्चच्या मांसाचे तुकडे बाहेरदेशी जाऊ लागले. नफा झाला हे नाकारू नये. कुणाला झाला, हे विचारायला मात्र काही हरकत नसावी.

दुसरा आक्षेप त्याहून खोल आहे आणि तो जनुकशास्त्रानेच दिलेला आहे. संकराला इतकं घाबरायचं कशाला? उत्क्रांती संकरातूनही होते! त्याच व्हिक्टोरियाचं उदाहरण घ्या. हे सरोवर सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी कोरडं पडलं होतं. पुन्हा भरल्यावर एवढ्याशा काळात त्यात सिक्लिडच्या पाचशेच्या आसपास जाती झाल्या. कसं शक्य झालं? २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवलं की त्या भागातल्या या सगळ्या गोतावळ्याच्या मुळाशी दोन दूरच्या घराण्यांचा संकर आहे, एक काँगोकडचं, दुसरं वरच्या नाईलकडचं. दोन घराण्यांच्या जुन्या जनुकांची गंजिफा पिसली गेली आणि नवे डाव पडत गेले. मग आपल्याकडे कृष्णेचा आणि कावेरीचा महाशीर एकत्र आले तर बिघडलं कुठे?

‘बाटल्या’ म्हणणाऱ्यांकडे याला उत्तर नाही, कारण त्यांचा पायाच शुद्धतेचा. तो पाया या शास्त्राने केव्हाच उखडला आहे, आणि बरं झालं उखडला. माझं उत्तर वेगळं आहे. व्हिक्टोरियाच्या बाबतीत संकर झाला तेव्हा समोर रिकामी सरोवरं होती. उथळ, खोल, खडकाळ, गढूळ अशा शेकडो मोकळ्या जागा. संकरातून निघालेल्या प्रत्येक विचित्र पोराला कुठेतरी नोकरी मिळाली. कावेरीत काय होतं? धरणांनी तुकडे केलेली नदी आणि तिच्यात आधीच मूठभर उरलेला स्थानिक मासा. अशा ठिकाणी हजारोंनी पिल्लं ओतली की नवी जात घडत नाही, जुनी बुडते, मग ती संकराने बुडो की नुसत्या स्पर्धेने. व्हिक्टोरियानेच याचीही साक्ष दिली आहे. तिथल्या माद्या नराच्या रंगावरून जोडीदार ओळखतात. माणसाच्या उद्योगांनी पाणी गढूळ झालं, रंग दिसेनासे झाले आणि वेगळ्या झालेल्या जाती पुन्हा एकमेकींत मिसळून जाऊ लागल्या, असं १९९७मध्येच दाखवलं गेलं. म्हणजे एकाच सरोवरात संकराने घडवलंही आणि मोडलंही. निकाल जागेवर आणि आकड्यांवर ठरतो, आणि ते आकडे जनुकं तपासल्याशिवाय हाती येत नाहीत.

शिवाय हॅचरीतला, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात पैदास केलेला, मासा म्हणजे त्या नदीच्या घराण्याचा प्रतिनिधी नव्हे, हे फार कमी लोक लक्षात घेतात. एका मादीपासून हजारो पिल्लं मिळतात, ही हॅचरीची ताकद आणि तीच खोट. मोजक्याच जोड्यांची संतती वर्षानुवर्षं वापरली की सगळी भावंडंच होतात. कर्नाटकातल्या कार्प हॅचऱ्यांमध्ये असं अंतःप्रजनन वेगाने वाढत असल्याचं १९९०मध्येच दाखवून झालं होतं. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये, म्हणजे थंड पाण्यात, पण तत्त्व तेच, हूड नदीतल्या स्टीलहेड ट्राउटचा पितृशोध जनुकांवरून केला गेला. २००७मध्ये निष्कर्ष आला: बंदिस्त वाढवलेल्या प्रत्येक पिढीमागे जंगली नदीत वंश चालवण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. टाकीत भुकटी खाऊन वाढायला जो मासा लायक, तो पुराच्या लोंढ्यात अंडी घालायला नालायक ठरतो. आपण मात्र सोडलेल्या बोटुकलीचा आकडा बॅनरवर छापतो. जगली किती, व्याली किती, हे कुठल्याच बॅनरवर नसतं.

जनुकशास्त्राची भलामण करताना त्याच्या मर्यादा झाकणं मात्र मला मान्य नाही. काही तरुण अभ्यासक एका जनुकाचा तुकडा वाचतात आणि टक्केवारी काढून ‘नवी जात’ जाहीर करून मोकळे होतात. त्यांना १९९०चा एक जुना निष्कर्ष ऐकवावासा वाटतो. व्हिक्टोरियाच्या चौदा सिक्लिड जातींच्या मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रातल्या, डीएनएची सुमारे ८०० अक्षरं तपासली, तर त्या चौदा जातींत मिळून जेवढा फरक निघाला तो आपल्या एका मनुष्यजातीतल्या फरकापेक्षाही कमी होता! केवळ त्या तुकड्यावर भरवसा ठेवला असता तर चौदाही एकच ठरल्या असत्या. हा डीएनए फक्त आईकडून येतो; बाप कोण, संकर झाला की नाही, हे तो सांगतच नाही. आणि जनुकांत साठलेल्या बदलांवरून काळ मोजायचं ‘आण्विक घड्याळ’ कसं लावावं यावरून तर पंडितांचे कान लाल होतात. केरळातल्या जमिनीखालच्या पाण्यात सापडलेल्या ‘एनिग्माचन्ना’ या विचित्र माशाचं घराणं मरळ माशांपासून कधी फुटलं? एका हिशोबाने ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी, दुसऱ्याने १० कोटी ९० लाख वर्षांपूर्वी. मधल्या साडेसात कोटी वर्षांत इकडे डायनोसॉर संपून गेले.

मग अशा शास्त्रावर धोरण का बेतायचं, असं कुणी विचारेल. कारण जनुकांशिवायचा पर्याय याहून अंधारा होता, आणि तो आपण वापरून पाहिला आहे. सुंदरलाल होरा हे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे दिग्गज. सह्याद्रीतले आणि थेट मलायातले खळाळत्या पाण्यातले मासे इतके सारखे कसे, या कोड्यावर त्यांनी १९४०च्या दशकात ‘सातपुडा सिद्धान्त’ मांडला: हिमयुगाच्या काळात हे मासे विंध्य-सातपुड्याच्या रांगांवरून ओढ्याओढ्यांनी पश्चिमेकडे सरकत आले. सातपुड्याचा पूल! कल्पना देखणी होती, पुढच्या पिढ्यांनी ती पाठ केली. पण आधार काय, तर साम्य. आणि साम्य फसवतं. खळाळत्या पाण्यात दगडाला चिकटून राहायचं तर कुणाचंही पोट चपटं होणार. टांगानिका आणि मलावी या दोन आफ्रिकी सरोवरांत एकमेकांच्या छायाप्रती वाटाव्यात असे सिक्लिड आहेत. १९९३मध्ये जनुकांनी सांगितलं की त्यांचं हे साम्य वारशातून आलेलं नाही, एकसारखं जगणं त्यांना एकसारखं घडवून गेलं. होरांचा सिद्धान्त जनुकांवर ताडून पाहिला तेव्हा अनेक गटांची फारकत हिमयुगाच्या कितीतरी आधीची निघाली. होरा यात लहान होत नाहीत. त्यांच्याकडे जे साधन होतं त्यात त्यांनी उत्तम प्रश्न विचारला होता. आपल्याकडे साधन आहे आणि आपण प्रश्नच विचारत नाही, ही आपली तऱ्हा.

एक टोमणा मला हमखास ऐकावा लागतो: तुम्ही माशांच्या सरमिसळीवर बोलता, पण कोयनेचं पाणी बोगद्यातून वाशिष्ठीत जातं, मुळशीचं भिऱ्याला कुंडलिकेत उतरतं, वळवणचं खोपोलीत, पूर्वेच्या नद्या पश्चिमेला तुम्हीच वळवल्यात की! टोमणा बरोबर आहे. मी तर म्हणतो, म्हणूनच घाई करायला हवी. बोगदे झाले ते झाले. पण बोगद्याच्या वरचे आणि कड्याच्या खालचे मासे अजून कुठे-कुठे वेगळे आहेत, हे आज पाहून ठेवलं नाही तर आणखी वीस वर्षांनी पाहण्यासारखं काही उरेलच असं नाही. आणि यासाठी काही डोंगर उपसायचा नाही. पंखाचा नखाएवढा तुकडा कापायचा, अल्कोहोलच्या कुपीत टाकायचा, मासा पाण्यात सोडायचा. पंख पुन्हा भरून येतो. एका खोऱ्यातून असे तीस-चाळीस नमुने आणि एखाद्या विद्यापीठाची प्रयोगशाळा, एवढ्यावर पहिली पाहणी होऊ शकते. मत्स्यबीज सोडण्याच्या सोहळ्यातला मांडवाचा खर्च इकडे वळवला तरी बरंच काम निघेल. सोबत त्या नदीवरच्या भोई, कातकरी, कोळी मंडळींना प्रत्येक माशाचं नाव विचारायचं; सायक्सला जे सुचलं ते आपल्याला सुचायला हरकत नाही. जिथे त्यांची नावं दोन आणि शास्त्राचं एक, तिथे आधी कुपी न्यावी.

रायगड जिल्ह्यात महाडच्या वर वाळण कोंड नावाचा डोह आहे, सावित्रीला मिळणाऱ्या काळ नदीवर. काठावर वरदायिनीचं ठाणं. तिथले महाशीर देवीचे म्हणून कुणी पकडत नाही. लोक कुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे मासे पाण्याला उकळी फुटावी तसे वर येतात. कायदा नव्हता तेव्हापासून हा डोह राखला गेला आहे. समजा, एखाद्या उन्हाळ्यात पाणी आटून किंवा कुणी विष टाकून हा डोह रिकामा झाला. दुसऱ्याच आठवड्यात पिशव्या घेऊन मंडळी हजर होतील, कड्यापलीकडच्या खुद्रीच्या पिशव्या, आणि कॅमेऱ्यासमोर डोह पुन्हा ‘भरेल’. त्या पिल्लांत आणि आधीच्या देवीच्या माशांत फरक होता की नव्हता, हे सांगायला तेव्हा काय लागेल? आज, मासे जिवंत असताना, घेतलेल्या तीसेक कुप्या.